सातपैकी सात नापास

"शनिवारी बघाच तुम्ही! दारूच्या सातही दुकानांचं पितळ उघडं पाडते की नाही!"

अध्यक्षबाईंनी ही घोषणा शाळेच्या व्हरांड्यात, स्टुलावर उभं राहून केली. अध्यक्षबाईंचं वय सोळा. 'अल्पवयीनांची दारू रोखा समिती'चं अध्यक्षपद त्यांना कुणी दिलं नव्हतं, त्यांनीच ते घेतलं होतं. समितीत दोघंच. एक अध्यक्ष आणि दुसरा शेजारचा मुलगा, टोपणनाव खांब, म्हणजे उरलेली सगळी समिती. खांब उंचीने सहा फूट, आवाजाने तीन फूट.

खांब समितीत कसा आला, हेही सांगायला हवं. गेल्या वर्षी एका वाढदिवसाच्या पार्टीत हा पठ्ठ्या गुपचूप दारू प्यायला आणि हॉलच्या मागे गटाराच्या काठावर पालथा पडला. तो आधी सापडला अध्यक्षबाईंना. हाका मारल्या, गाल चापटले, पोरगा हूं की चूं करेना! त्याला कॉलरला धरून ओढताना त्या मोठ्याने रडत होत्या, इतक्या घाबरल्या होत्या. ह्याला कुठल्या तरी दुकानदाराने बाटली विकली असणार, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. खांबाला विचारायचं मात्र राहून गेलं.

आता पुढच्या शनिवारी नगरपालिकेच्या सभागृहात नागरिकांची सभा होती. सातही दुकानांत 'वय विचारल्याशिवाय दारू मिळणार नाही' असा ठळक बोर्ड लागावा, हा त्यांचा ठराव तिथे मांडायचा होता. तो फेटाळला गेला तर वर्षभराची धावपळ पाण्यात. म्हणून पुरावा हवा होता. खांबाला दुकानात पाठवायचं, बाटली मागायला लावायची, दुकानदाराने काढून ठेवली की "पैसे विसरलो" म्हणून पळ काढायचा. सात दुकानं, सात दिवस.

अध्यक्षबाई कामाला वाघ! पाहणी सुरू व्हायच्या आधीच त्यांनी तक्ता रंगवून ठेवला. दारासारखा मोठा कागद, वर लाल अक्षरांत 'सातपैकी सात नापास!' आणि खाली सात फुल्या.

"अगं, पण आपण अजून गेलोच नाही ना?" खांब म्हणाला.

"निकाल माहीत असला की वेळ वाचतो," अध्यक्षबाई म्हणाल्या.

पहिल्या दुकानात दुकानदाराने विचारलं, "वय काय रे?"

"सोळा," खांब म्हणाला.

"मग चालू लाग."

बाहेर अध्यक्षबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "खरं कशाला सांगितलंस?"

"विचारलं ना त्यांनी!"

"एक प्रामाणिक निघायचाच. पुढचा बघ!"

पुढच्याने ओळखपत्र मागितलं. खांबाने घाबरून वाचनालयाचं कार्ड काढलं. बालविभागाचं! दुकानदार इतका हसला की त्याला ठसका लागला. तिसऱ्याने नुसतं दाराकडे बोट दाखवलं. चौथ्याने तर खांबाला स्टुलावर बसवून पाणी पाजलं आणि अर्धा तास उपदेश केला. बाहेर आला तेव्हा खांबाचे डोळे पाणावलेले.

"फार चांगले काका आहेत गं!"

"गप बस!" अध्यक्षबाई कडाडल्या. चार दिवसांत चार दुकानदार सज्जन निघाले होते आणि ह्या सज्जनांइतका त्यांचा छळ आजवर कुणी केला नव्हता. तक्त्यावरच्या फुल्या रात्री डोळ्यांसमोर नाचत होत्या. फुल्या खोडून टाकाव्यात, असं मात्र एकदाही मनात आलं नाही. उलट त्यांनी ठरवलं, दोष खांबाच्या चेहऱ्याचा आहे.

झालं! बुटाच्या ब्रशाचे केस कापून मिशी तयार झाली. डिंकाने ती ओठावर बसवली. पाचव्या दुकानात खांबाला शिंक आली आणि मिशी उडून काउंटरवर दुकानदाराच्या चहात पडली. सहाव्या दुकानात तर आत पाऊल टाकायच्या आधीच आतून आवाज आला, "आला रे आला, मिशीवाला आला!" दुकानदारांनी एकमेकांना फोन करून ठेवले होते. उंच मुलगा, मागे वही घेतलेली मुलगी, दारूसाठी हपापलेली जोडी, सावध राहा!

उरलं सातवं दुकान. गुरुवार संध्याकाळ.

अध्यक्षबाईंच्या वडिलांची लाँड्री होती. हँगरवर धुऊन इस्त्री केलेले कपडे ओळीने टांगलेले. त्यांतला एक भारदस्त करडा कोट अध्यक्षबाईंनी उचलला. खांबाला तो अंगावर शिवल्यासारखा बसला. मिशी दुप्पट डिंकाने चिकटवली.

"कुणाचा गं हा कोट?"

"गिऱ्हाइकाचा. अर्ध्या तासात परत आणून टांगायचा. चल!"

सातवं दुकान एका मावशींचं होतं. मावशींनी खांबाकडे पाहिलंच नाही. त्या कोटाकडे बघत राहिल्या. उजव्या खिशाखाली शाईचा जुना डाग होता, कुठल्याही साबणाला न जुमानणारा. मावशींनी शांतपणे फोन उचलला.

"हेडमास्तरसाहेब का? तुमचा कोट माझ्या दुकानात आलाय. दारू मागतोय. हो हो, तुमचाच! आत एक मुलगा आहे."

खांब पळाला. पळताना मिशी गालावरून सरकत सरकत कॉलरला चिकटली. दाराशी उभ्या असलेल्या अध्यक्षबाई त्याच्या मागे धावल्या. दारावरच्या कॅमेऱ्याने दोघांनाही नीट टिपलं.

लाँड्रीत पोहोचेपर्यंत बाबांचा फोन वाजून गेला होता. पलीकडून हेडमास्तर म्हणाले होते, "कोट धुवायला दिला होता, फिरायला नाही!"

"अगं, लोक विश्वासाने कपडे टाकतात माझ्याकडे!" बाबा इतकंच बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं. अख्खी शुक्रवारची संध्याकाळ अध्यक्षबाई कॉलरवरचा डिंक कोमट पाण्याने घासत होत्या, आणि घासता घासता त्यांना पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली.

शनिवारी सभागृह गच्च! पहिल्या रांगेत सातही दुकानदार. अध्यक्षस्थानी हेडमास्तर, अंगात तोच कोट. विषयपत्रिकेवर पहिलाच विषय होता, 'दारूच्या दुकानांत फिरणारी अल्पवयीन टोळी'. ठराव दुसऱ्या क्रमांकावर, तोही त्याच टोळीचा!

"बोला," हेडमास्तर म्हणाले. "कोटाबद्दल नंतर बघू."

अध्यक्षबाई उठल्या. हातात तक्त्याची गुंडाळी. बाबा मागच्या रांगेत होते. 'बोर्ड लावा' एवढं एकच वाक्य बोललं असतं तर निभावलं असतं. पण त्यांनी गुंडाळी उलगडली, खिशातून पेन काढलं आणि सगळ्यांसमोर 'नापास'मधला 'ना' खोडला.

"सातपैकी सात पास," त्या म्हणाल्या. आवाज खांबाहून बारीक झाला होता. "निकाल मी आधीच लिहून ठेवला होता. माझं चुकलं. सगळ्यांची माफी मागते."

पहिल्या दुकानदाराने मान ताठ केली. पाचव्याला आपला चहा आठवला.

"मग गेल्या वर्षी ह्या खांबाला दारू विकली कुणी?" हेडमास्तरांनी विचारलं.

अध्यक्षबाईंनी खांबाकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी त्याला विचारलं, "कुणी रे?"

खांब उभा राहिला. उभा राहिला म्हणजे अर्ध्या सभागृहाला पुढचं दिसेनासं झालं.

"कुणीच नाही विकली. पार्टीत मोठी माणसं गप्पा मारत होती. टेबलांवर अर्धे ग्लास तसेच पडलेले. मी एकेक उचलत गेलो. माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं."

त्या पार्टीला गेलेली निम्मी माणसं समोर बसली होती. कुणी खाकरलं, कुणी बुटांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी खिशाखालचा डाग हाताने झाकला, जसा काही तोच गुन्हा होता.

"म्हणजे बोर्ड घराघरांतही लावायला हवा," मावशी म्हणाल्या. "घरचं घरी बघा. दुकानात आम्ही लावतो. आणि शोभेसाठी नाही, ओळख पटेल असा लावतो!"

ठराव एकमताने मंजूर! टाळ्या पडल्या. बाबांनीही वाजवल्या, जरा उशिरा, पण जोरात. अध्यक्षबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

सोमवारी सातही दुकानांत बोर्ड झळकले. ठळक अक्षरं, अगदी त्यांना हवी होती तशी. 'वय विचारल्याशिवाय दारू मिळणार नाही.' आणि त्याखाली मावशींच्या कॅमेऱ्यातला मोठा फोटो. कोटातला खांब, गालावर सरकलेली मिशी, आणि मागे तोंड वासून धावणाऱ्या अध्यक्षबाई. 'विशेषतः ह्या दोघांना!'

आठ दिवसांनी आईने अध्यक्षबाईंना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात व्हिनेगर आणायला पाठवलं. ह्या दुकानात दारू विकतच नव्हते, पण शेजाऱ्यांचं बघून किराणावाल्यानेही तोच बोर्ड लावला होता. त्याने बाटली काढली, बोर्डाकडे बघितलं, अध्यक्षबाईंकडे बघितलं आणि बाटली पुन्हा फळीवर ठेवली.

"वय काय गं?"

"काका, व्हिनेगर आहे ते!"

"बाटली ती बाटली. बाबांना पाठव."

बाहेर पायरीवर बसून अध्यक्षबाईंनी वही उघडली आणि स्वच्छ अक्षरांत नोंद केली: 'दुकान क्रमांक आठ. पास. व्हिनेगर मिळालं नाही.'