माडीवरचा कॅमेरा आणि सोप्यातला टीव्ही

विश्वजितला स्वतःच्या डोक्याविषयी शंका अशी कधी आलीच नाही. इतरांना यायची, पण तो पडला मुंबईचा नोकरदार आणि वर जावई. आटपाडीत त्याच्या तोंडावर बोलणार कोण? सत्याण्णव सालच्या दिवाळीत तो सासुरवाडीला आला, तो खांद्याला व्हिडिओ कॅमेरा अडकवूनच. नेमके त्याच वेळी धाकटी मेहुणी प्रांजल हिला बघायला दहिवडीचे पाहुणे येणार होते.

"त्यांना आमच्या लग्नाची कॅसेट दाखवू," विश्वजितनं जाहीर केलं. "या घरातलं लग्न कसं असतं ते कळू दे. कॅमेरा माडीवर ठेवतो, वायर खाली टीव्हीला. सोप्यात नुसतं चित्र दिसेल, यंत्रांचा पसारा नको. मुंबईत असंच करतात."

मुंबईत असं कोण करतं, हे त्याच्या बायकोनं, पद्मानं, विचारलं नाही. तिला संसार करायचा होता.

अडचण एकच. टीव्हीला सासऱ्यांचा व्हिडिओ गेम जोडलेला. नानासो पलटणीतून रिटायर झाल्यापासून दिवसभर विमानं पाडत बसायचे.

"तुमची वायर माझ्या गेमच्या डबीत खुपसा," ते म्हणाले. "पर माझी काढायची न्हाई."

टीव्हीवरच ठेवलेल्या त्या डबीला एक बटण होतं. एकीकडं सरकवलं की गेम, दुसरीकडं सरकवलं की दुसरी वायर. विश्वजितनं त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. असल्या खेळण्यांकडं काय बघायचं?

पाहुणे आले. मुलाची आई राहीबाई आणि तिचा भाऊ अर्जुना. पोहे झाले, पसंतीचं बोलणं जवळ आलं आणि विश्वजित ऐटीत माडीवर गेला.

"आलं का?" त्यानं वरून विचारलं.

"मुंग्या आल्यात," नानासो म्हणाले.

टीव्ही जुनाट आहे, असं विश्वजितचं मत पडलं. मग वायर भिकार. मग आटपाडीची लाइट कमी दाबाची. शेवटी तो गच्चीवर जाऊन अँटेना फिरवून आला. अँटेनाचा या वायरीशी काडीचा संबंध नव्हता, पण वाळत घातलेल्या सांडग्यांचा त्याच्या बुटांशी आला. सासूबाई, भामाबाई, "आगं आई" एवढंच म्हणाल्या.

"त्या डबीवरचं बटण बघा की एकदा," पद्मा म्हणाली.

"तू पोह्यांचं बघ."

परत माडीवर येऊन त्यानं कॅमेऱ्याची दिसतील ती सगळी बटणं दाबली. त्यात कॅसेट थांबली आणि कॅमेरा समोरचं टिपायला लागला. समोर विश्वजितच होता. इकडं खाली राहीबाईंनी रिकामी बशी टीव्हीवर ठेवली, तिचा धक्का डबीला लागला आणि बटण सरकलं. मुंग्या गेल्या. पडदाभर जावयाचं तोंड आलं, आवाजासकट.

"अडाणी घर आहे तुमचं," तोंड बोलत होतं. "बाप विमानं पाडतो, आई सांडग्यांसाठी रडते. आणि पाहुणे तर काय, म्हशी राखणारी माणसं. टीव्हीचं पुढचं कुठलं न् मागचं कुठलं, हेसुद्धा त्यांना कळायचं नाही."

"अहो, हळू बोला," पाणी घेऊन वर गेलेली पद्मा ऐकू आली.

"हळू कशाला? खाली काय ऐकू जातंय?"

स्वयंपाकघराच्या दारात प्रांजलनं डोळे मिटून घेतले. झालं, मोडलं लग्न. नानासो टीव्ही बंद करायला उठले, तर राहीबाईंनी हात आडवा घातला.

"ऱ्हाऊ द्या. रंगात आलाय गडी."

थोड्या वेळानं गडी घाम पुसत खाली आला. तोवर नानासोंनी टीव्ही बंद केला होता.

"दिसलं का काही?"

"दिसलं की," राहीबाई म्हणाल्या.

"आणि आवाज?"

"लय खणखणीत. आमी म्हशी राखतो ते खरंच हाय, जावईबापू."

विश्वजितच्या तोंडाचा रंग उडाला. तो पद्माकडं बघायला लागला. ती जिन्यातच थांबली होती.

राहीबाई भामाबाईंकडं वळल्या. "गोठ्यातली एक म्हैस लाथाडी निघाली, म्हणून आख्खा गोठा कुणी सोडत न्हाई. पोरगी पसंत हाय आमाला."

भामाबाईंनी साखर आणली. सगळ्यांचं तोंड गोड झालं, विश्वजितच्या हातावर कुणीतरी चिमूट टेकवली. पाहुणे गेल्यावर तो बराच वेळ वायर गुंडाळत बसला. मग न राहवून त्यानं पद्माला हळूच विचारलं, "पण चित्र स्वच्छ आलं होतं ना?"

"हो तर," पद्मा म्हणाली. "नाकातले केससुद्धा दिसले म्हणे."