देव रजेवर

सोविंदा गुरुजी आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या फळ्यावर रोज ‘देव गैरहजर’ असे लिहीत, हे सडक अर्जुनीच्या बाजारात आजही छातीठोकपणे सांगितले जाते. ते साफ खोटे आहे. पट एक्केचाळीस, हजर अडतीस, आणि त्याखाली सुबक अक्षरांत ‘देव रजेवर’, असे ते लिहीत. या दोन शब्दांतला फरक ज्यांना कळत नाही त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तरीही मी घालतो. मी पंचायत समितीत कारकुनी केली आहे. गैरहजर माणसाला नोटीस जाते. रजेवरच्या माणसाची खुर्ची राखून ठेवावी लागते.

पाहणीला आलेल्या साहेबांनी एकदा फळ्याकडे बोट दाखवून खुलासा मागितला.

“अर्ज आला नाही साहेब,” गुरुजी म्हणाले, “पन मीच मंजूर केलो. सुट्टीची घंटा झाली का पोरं घरी जातेत, मंग तोही रुजू होते.”

साहेबांनी शेरा न लिहिताच चहा घेतला.

गुरुजी माझे शेजारी. आमच्या दोन घरांत मातीची एकच भिंत. पत्नी गेल्यापासून ते एकटे राहतात. ते नास्तिक आहेत, ही गावाची दुसरी थाप. रोज सकाळी त्यांच्या देवघरातली घंटा मी या कानांनी ऐकतो. घंटेनंतर बराच वेळ काही पुटपुटणे चाले. एखादे लांबलचक स्तोत्र असावे, असे मी धरून चाललो होतो.

आता नारळाचे प्रकरण. शाळेची नवी खोली बांधून झाली, तेव्हा मी शाळा समितीचा अध्यक्ष होतो. सरस्वतीची तसबीर, हार आणि नारळ घेऊन मी फाटकाशी पोचलो. गुरुजी आडवे उभे.

“टेकचंद भाऊ, हे बाहेर ठेवा जी.”

“काऊन? सरस्वती का परकी हाये?”

“परकी कायले राहील? तुमच्या घरची हाये, माह्या घरची हाये. पन खोली सगळ्याईची हाये. मागच्या साली पूजा झाली, तं सलमा बोरिंगपाशी उभी होती.”

“तिले कोनी नाही म्हटलं होतं का?”

“कोनीच नाही. पन आत यावं का नाही, हे त्या तिसरीतल्या पोरीनं ठरवावं का?”

“अन् एक नारळ फोडल्यानं का बिघडते, गुरुजी?”

“तुमचा नारळ फुटते भाऊ, माहा पट फुटते.”

गुरुजींनी माझ्या हातातून नारळ हिसकावला, असे सांगणारे लोक त्या वेळी तिथे नव्हतेच. तो मी स्वखुशीने नव्हे, पण स्वहस्ते फाटकाबाहेरच्या मोहाच्या बुंध्याशी ठेवला. फीत सलमाने कापली. कात्री बोथट होती, तिने दोनदा दाबली. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद झाले. लोक म्हणतात, रागाने. मी म्हणतो, तत्त्वाने.

पुढे गुरुजी निवृत्त झाले. फळ्यावरची ती ओळ पुसली गेली. आमचा अबोला मात्र टिकला.

गेल्या महिन्यात गुडघ्यांनी दगा दिला आणि माझी खाट मागच्या खोलीत, त्या सामाईक भिंतीलगत आली. सकाळी घंटा झाली. मग ते स्तोत्र मला प्रथमच स्पष्ट ऐकू आले.

“एक, अनिता. दोन, बिसन. तीन, देवांगना…”

ती हजेरी होती. गुरुजी आपल्या शेवटच्या वर्षाचा पट देवापुढे वाचत होते. प्रत्येक नावानंतर जरा थांबत, आणि रिकाम्या घरात स्वतःच हळू आवाजात ‘हजर’ म्हणत. सलमाच्या नावालाही तेवढेच थांबले, तसेच ‘हजर’ म्हणाले. शाळेत रजेवर असलेल्या देवाकडून हा माणूस घरी रोज पोरांची नोंद करवून घेत होता.

एक्केचाळीस झाले. आता आरती होईल, असे मला वाटले.

“बेचाळीस, टेकचंद भाऊ.”

मी कान भिंतीला लावला.

“रजेवर.”

गैरहजर नव्हे. दोन वर्षे मी त्या माणसाचे तोंड पाहिले नव्हते, आणि त्याने माझी खुर्ची राखून ठेवली होती.

मी भिंतीवर मूठ आपटली. “हजर!”

पलीकडे काहीतरी भांडे पडले. मग गुरुजींचा तोच वर्गातला आवाज आला :

“उशिरा आले. बसा खाली.”

तेव्हा माझे डोळे भरून आले होते, असे माझी सून गावभर सांगत असते. भिंतीची माती उडाली होती.