मुलूख तोच, गवत नवं

अमरदीपच्या मोबाईलला दिवसाला दीड जीबी मिळायचं आणि त्याला हवा असलेला खेळ होता नव्वद जीबीचा. म्हणजे साठ दिवस. तेवढ्यात कंपनी आणखी एखादी सुधारित आवृत्ती काढून मोकळी व्हायची, ही धास्ती वेगळीच.

तसा खेळ काही नवा नव्हता. घोड्यावर बसायचं, वाटेल तिकडे हिंडायचं, डोंगर चढायचे, नद्या ओलांडायच्या, मनात आलं तर लढायचं, नाहीतर नुसतं भटकायचं. असला तो मोकळा मुलूख अमरदीप पाच वर्षं तुडवत होता. आता कंपनीनं तोच मुलूख घासूनपुसून पुन्हा विकायला काढला होता आणि अमरदीपनं तो घेतलाही होता.

"एकदा घेतलेलं पुन्हा काहून घेता तुमी?" त्याची बायको रंजीता म्हणाली.

"अवं, सुधारलेलं हाय. आता त्याच्यात गवत हलते."

"आपल्या वावरातलं फुकट हलते. अन् कालच्या भाजीले म्या पुन्हा फोडणी देली तं ताट सरकवता!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरदीपनं टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा गव्हाच्या पिशवीत घातला आणि ऑफिस गाठलं. इंझोरीच्या अलीकडे फाट्यावरून आत वळलं की सावळटेक लागतं, तिथल्या ग्रामपंचायतीत तो कंप्युटरवर बसायचा. ग्रामपंचायतीला वायरीचं जोरदार नेट होतं आणि भिंतीवर सभेसाठी आलेला मोठा टीव्ही होता. दिवस बाजाराचा. सोयाबीन निघालेलं, तुरीला वेळ. सगळं गाव बाजाराला जाणार, असा त्याचा अंदाज होता.

अंदाज पहिल्या अर्ध्या तासातच चुकला. डबा टीव्हीला जोडून त्यानं खेळ उतरवायला लावला होता आणि पडद्यावरची निळी रेघ जेमतेम चार टक्क्यांवर आली असताना सरपंच कमलीबाई दारात उभ्या राहिल्या.

"नातीचा रहिवासी दाखला काढून दे लवकर. जीप उभी हाय."

अमरदीपनं दाखल्याचं पान उघडलं. पान उघडेना. सगळं नेट भिंतीवरचा टीव्ही पिऊन राहिला होता.

"हे काय उतरवून राह्यला तू?" कमलीबाईंनी टीव्हीकडे हनुवटी केली.

"नकाशा, बाई," अमरदीपच्या तोंडून निघून गेलं. "नवीन नकाशा."

तसं ते खोटं नव्हतं. खेळाच्या नव्या आवृत्तीत नकाशा खरंच नवा होता.

"गावाचा?"

इथं 'नाही' म्हणायला हवं होतं. अमरदीप खोकला. सावळटेकात खोकल्याचा अर्थ 'हो' असाच धरतात.

शिपाई उकंडराव चहा सांगायला म्हणून हॉटेलात गेले आणि चहाऐवजी गुलाबसिंगला घेऊन आले. मागच्या गल्लीनं धरमसिंग आला. हे दोघे सख्खे भाऊ. धुरा, म्हणजे दोघांच्या वावरांमधला बांध, नेमका कुठून जातो यावरून चार वर्षांपूर्वी त्यांची बोलचाल बंद झाली होती. एकाला दुसऱ्याला निरोप द्यायचा असला की तो उकंडरावांमार्फत जायचा. आताही एकजण बाकाच्या या टोकाला बसला, दुसरा त्या टोकाला, आणि मध्ये चार माणसांची जागा कुणी न सांगता रिकामी राहिली.

बाजाराला निघालेली जीप रिकामीच उभी होती. बाराच्या आत ऑफिसात पस्तीस माणसं झाली.

"माहा धुरा कुठी आला?" गुलाबसिंगनं विचारलं.

"अजून उतरला नाही, काका."

"उकंडराव, त्या पोराले सांग," धरमसिंग म्हणाला, "का मोठ्याचं वावर आधी उतरवू नको. दोन्ही संगच उतरव."

एकोणतीस टक्के. तीस. तीस टक्क्यांवर रेघ बसली ती बसलीच. कुणी म्हणालं टीव्हीला हात लावून पाहा, तापला असन. कुणी म्हणालं खिडकी उघडा, हवा लागू द्या. बाया पदरानं वारा घ्यायला लागल्या. कोणी उठत नव्हतं, कोणी नीट बसतही नव्हतं. अमरदीपनं हळूच डब्याची वायर काढायला हात घातला.

"नेट गेलं वाटते, बाई. आता उद्याच."

"गेलं कुठी? त्या हिरव्या बत्त्या तं लुकलुकून राह्यल्या," कमलीबाई म्हणाल्या. नातीचा दाखला राहिल्यामुळे त्यांची नजर धारदार झाली होती.

दीड वाजता लाइट गेली. अमरदीपला वाटलं, देव आहे. पाच मिनिटांत लाइट आली आणि रेघ जिथं थांबली होती तिथूनच पुढं सरकली, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. देव होता, पण लोकांच्या बाजूनं.

पावणेचारला शंभर झाले.

"लाव," कमलीबाई म्हणाल्या.

"बाई, ते पहिलं तपासून..."

"लाव म्हणलं ना!"

अमरदीपनं बटण दाबलं. ढोल वाजले. धुकं बाजूला झालं आणि भिंतभर हिरवीगार दरी उघडली. डोंगराच्या कुशीत कौलारू घरं, खाली चमकणारी नदी आणि वाऱ्यावर डुलणारं कमरेएवढं गवत.

"हे आपलं गाव?" एक बाई म्हणाली.

"पावसाळ्यात काढलं असन ड्रोननं," उकंडरावांनी खुलासा केला. "टेकडी तं तेच हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गुलाबसिंग उठून टीव्हीपाशी गेला आणि बोटानं गवत चाचपू लागला. "पण याच्यात धुराच नाही दिसत कुठी! कुंपण नाही, दगड नाही, काहीच नाही."

"मंग एवढी जमीन पडीत काहून ठेवली?" मागून कुणीतरी कळवळलं.

तेवढ्यात गवतातून काळा घोडा आला. घोड्यावर तलवार लटकवलेला, तोंड झाकलेला स्वार होता.

"हा कोण?"

"तलाठी असन," उकंडराव म्हणाले.

तलाठ्यानं तलवार उपसली आणि पुलावरच्या दोघांना आडवं केलं. पस्तीस माणसांच्या माना पडद्यावरून सावकाश अमरदीपकडे वळल्या. त्याची नोकरी कायमची नव्हती. कमलीबाईंनी एक ठराव केला की तो उद्यापासून घरी, आणि घरी रंजीता.

"खेळ हाय, बाई," तो म्हणाला. "चुकलं माहं."

आरडाओरडा होईल असं त्याला वाटलं होतं. पण सकाळपासून ताटकळलेल्या माणसांना इतक्या सहज उठवेना. कमलीबाई खुर्ची ओढून समोर बसल्या.

"हा खेळ तुह्यापाशी पहिलेच व्हता ना? रंजीता सांगे."

"व्हता. हा त्याचाच सुधारलेला."

"काय सुधारलं?"

"गवत हलते. पाणी चमकते. दूरचं साफ दिसते."

"अन् गाव?"

"तेच."

"लोकं?"

"तेच."

"त्यायची भांडणं?"

"तेच हाय," अमरदीपचा आवाज बारीक झाला.

"मंग पुन्हा पैसे कायचे घेतले रे त्यायनं?"

लोक हसले. अमरदीपला त्या हसण्याचा राग आला. खरा त्रास असा की दहा दिवस तो स्वतःला हाच प्रश्न विचारत होता. त्यानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी गुलाबसिंगच बोलला. तो अजून टीव्हीपाशीच उभा होता.

"पैसे बरोबर घेतले. म्या मागल्या साली मोतीबिंदूचं आपरेशन केलं. बायको तेच, बैल तेच, घर तेच. पण साफ दिसते ना! मंग माहे पैसे काय पाण्यात गेले?"

"साफ दिसून काय फायदा?" बाकाच्या टोकावरून धरमसिंग उसळला. "जे पाह्याले नको, तेच अजून जवळून दिसते! मले जुनं दाखव रे, अमरदीप. जुनंच बरं असन."

"न पाह्यताच बरं कसं म्हणतो तू?" गुलाबसिंग त्याच्याकडे वळला.

"तू तं कोणतंबी नवं आलं का भुलतो. तुहा सोभावच तो!"

उकंडराव निरोप पोचवायला उठले होते. ते तसेच अर्धवट वाकून थांबले. भावांनी एकमेकांना 'तू' म्हटलं होतं. तेही समोरासमोर, चार वर्षांनी. कमलीबाईंनी अमरदीपला डोळ्यांनी खूण केली: जुनं लाव.

अमरदीपनं डब्यात अजून असलेलं जुनं लावलं. मग नवं. मग पुन्हा जुनं. धरमसिंग म्हणाला जुन्यात घोडा बिगीनं पळतो. गुलाबसिंग म्हणाला पळतो, पण लाकडाचा वाटते. धरमसिंग म्हणाला नव्यात एवढं धुकं हाय का माणूस खड्ड्यात जाईन. गुलाबसिंगनं नव्यात घोडा नेऊन दाखवला आणि खरंच खड्ड्यात गेला. दोघांच्या मधली चार माणसांची जागा कधी मिटली, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. दिवेलागणीला बायका बोलवायला आल्या तेव्हा दोघे खांद्याला खांदा लावून बसले होते आणि एकमेकांना मूर्ख म्हणत होते.

कमलीबाईंनी शिक्षा ठोठावली. डबा ऑफिसातच राहील. काम आटोपल्यावर रोज एक तास हे दोघे बसतील आणि अमरदीपनं हात लावायचा नाही. अमरदीपनं मान खाली घातली. विकत घेतलेल्या नव्या मुलखात तो स्वतः अजून दहा पावलंही चालला नव्हता. दाखला मात्र निघाला.

पुढच्या आठवड्यात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, तालुक्याहून मोजणीचे साहेब आले. त्यांनी टेबलावर खरोखरचा नकाशा पसरला. "सुधारित आहे," ते अभिमानानं म्हणाले. "धुऱ्याचा वाद असलेले दोघे कोण? या, बघा आणि सही करा."

दोघे भाऊ वाकले. बराच वेळ नकाशा पाहिला.

"जुन्यापेक्षा याच्यात सुधारलं काय, साहेब?" धरमसिंगनं विचारलं.

साहेब जरा अडखळले. "आता रंगीत आहे. कागद चांगला आहे."

"हद्दी?"

"त्याच."

"पाह्य!" धरमसिंग भावाकडे वळला. "म्या म्हणलं नव्हतं?"

"अरे, पण रंगानं नाला कसा साफ दिसते, ते पाह्य ना!"

"नाला काय म्या पाह्यला नाही? त्याच्यात पोहलो लहानपणी!"

"तू कुठी पोहला? तू बुडत व्हता. म्या काढला तुले!"

साहेबांनी पेन पुढं केलं. "अहो, धुरा मान्य आहे की नाही, तेवढं सांगा. मला पुढं दोन गावं आहेत."

"थांबा ना, साहेब!" दोघे एकदमच खेकसले. "दिसत नाही काय, आमी बोलून राह्यलो?"

साहेब हात तसाच पुढं ठेवून उभे राहिले. मग हळूच अमरदीपकडे सरकले.

"यांचं असं किती वेळ चालतं हो?"

अमरदीपनं त्यांच्यासाठी खुर्ची पुसली.

"चार वर्षांचं तुंबलेलं हाय, साहेब," तो म्हणाला. "चहा सांगू?"