अस्वलाची चौसष्ट आवर्तनं

लाभासाठी माणूस बेताबेताने धडपडतो. जिवावर उदार होतो तो कटकट टळावी म्हणून. त्या शुक्रवारी ट्रम्पेटवाल्याला नेमकं काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवलेलं बरं: वर्षभर मुलांच्या प्रश्नांपासून सुटका. शाळा अडतीस. दर शाळेत सरासरी चौदा प्रश्न, म्हणजे पाचशे बत्तीस. पैकी एकशे नव्वद वेळा "यात थुंकी साठते का?" (साठते.) आणि "तुम्ही नोकरी काय करता?" हा प्रत्येक शाळेत किमान एकदा, बहुधा शिक्षकांकडून.

पथक तिघांचं. व्हायोलिनवाल्या बाई, ट्रम्पेटवाला आणि ड्रम वाजवणारा त्याचा मेव्हणा. शाळाशाळांतून बालमनावर संगीताचे संस्कार करणे हे पथकाचं उदात्त कार्य होतं, आणि मोबाइलवर फॅन्टसी फुटबॉल खेळणे हे खरं कार्य. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगतो: घरबसल्या खऱ्याखुऱ्या खेळाडूंतून अकरा निवडायचे, एकाला कप्तान करायचं, आणि ते तिकडे मैदानावर जे दिवे लावतील त्याचे गुण आपल्याला. कप्तानाचे दुप्पट. धावतात ते, दम आपल्याला लागतो. मोसमाअखेर जो तळाला, त्याने पुढचं वर्षभर प्रत्येक कार्यक्रमानंतर एकट्याने प्रश्न झेलायचे, असा पथकाचा लेखी ठराव होता.

ट्रम्पेटवाला सलग दोन वर्षं तळाला होता. हे अभ्यासाचं फळ. तो एकूण एक सामना बघे, खेळाडूंच्या दुखापतींची वही ठेवी, आणि नीट विचार करून ज्याला संघातून काढी तो त्याच रविवारी गोल करी. (तेवीस वेळा. चोविसाव्याने दोन केले.) व्हायोलिनवाल्या बाईंनी आजवर एकही सामना पाहिलेला नाही. ज्याचं आडनाव चार मात्रांत बसतं तो खेळाडू त्या घेतात. त्या कायम पहिल्या.

यंदा शेवटच्या आठवड्यात मेव्हणा फक्त तीन गुणांनी पुढे होता. संघात बदल करायची मुदत शुक्रवारी साडेअकरापर्यंत. कार्यक्रम अकराचा.

शाळेच्या सूचनापत्रकानुसार तीनशे बारा मुलांनी हात मांडीवर ठेवून आनंद घ्यायचा होता. टाळ्या वर्गशिक्षिकेच्या पहिल्या टाळीनंतर. डोलण्यास हरकत नव्हती, मात्र शेजाऱ्याला धक्का न लागता.

अकरा पंचवीसला ट्रम्पेटवाल्याच्या खिशात मोबाइल थरथरला: कप्तानाचा गुडघा सरावात दुखावला. त्याच क्षणी बाईंनी मुलांना पुढच्या गाण्याची गोष्ट सांगितली. जंगलात पहाट होते, पक्षी उठतात, हरणं उठतात, आणि चौसष्ट आवर्तनांनंतर अस्वल उठतं. "आवर्तन म्हणजे चार मात्रांचा एक फेरा. मनातल्या मनात मोजा हं, आवाज न करता!" अस्वल म्हणजे ट्रम्पेट.

म्हणजे ट्रम्पेटवाल्याच्या हाती दोन मिनिटं आठ सेकंद आली. निर्णय घ्यायला एवढा वेळ भरपूर आहे, फक्त निर्णय घेता यायला हवा. (घरी पडद्यांचा रंग ठरवायला त्याला चार महिने लागले. शेवटी बायकोने परस्पर पडदे लावले, ते त्याच्या आठव्या दिवशी लक्षात आले.) त्याने मोबाइल मांडीवरच्या वहीआड धरला.

पहिल्या रांगेत, त्याच्यापासून हातभर अंतरावर, दुसरीतली एक मुलगी बसली होती. पुढचे दोन दात पडलेले.

"काका, गोलकीपरला करा कप्तान."

"गप्प. गाणं ऐक."

"तुम्ही कुठं ऐकताय?"

आणि ती ओठांतल्या ओठांत मोजू लागली. एकोणतीस, तीस.

"गोलकीपरला कुणी कप्तान करतं का गं वेडे?"

"समोरचे पेनल्टीवरच जगतात. आणि हा अडवतो. बघा तुम्ही!"

दोन वर्षांचा अभ्यास दुसरीतल्या मुलीपुढे मान तुकवत नसतो. त्याने सर्वांत महागडा आघाडीवीर निवडला, रद्द केला, पुन्हा निवडला. एव्हाना मनातल्या मनात मोजणं सभागृहाला झेपेनासं झालं होतं. "बासष्ट! त्रेसष्ट! चौसष्ट!"

अस्वल उठलं नाही. ते पासवर्ड टाकत होतं.

बाईंनी पहाट पुन्हा वाजवली. मेव्हण्याने डाव्या हाताने ड्रम घुमवत ठेवला. उजवा हात कुठे होता ते कोणी पाहिलं नाही. हरणं तिसऱ्यांदा उठली. "अस्वला, ऊठ!" मागच्या रांगेतून एक ओरडला, आणि तीनशे बारा मुलं हात मांडीवरून काढून ओरडू लागली. सत्तरीच्या पुढे कधीतरी अस्वल असं काही दचकून उठलं, की मुलं बाकांवर उभी राहिली आणि एका शिक्षिकेने वर्गशिक्षिकेच्याही आधी टाळी वाजवली. शाळेच्या अहवालात "अस्वलास उठवण्यात विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग" अशी नोंद झाली, आणि पुढच्या सदतीस शाळांनी अस्वल किमान दहा आवर्तनं उशिरा उठावं अशी लेखी मागणी केली.

रविवारी आघाडीवीराला नवव्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं. दुपटीने सहा गुण वजा. गोलकीपरने दोन पेनल्टी अडवल्या. त्याला कप्तान केलं होतं मेव्हण्याने. ड्रम ट्रम्पेटच्या पाठीमागेच असतो, आणि मुलीचं बोलणं त्याला स्पष्ट ऐकू आलं होतं. "संगीतात कान महत्त्वाचा, दाजी," तो म्हणाला.

आता कोणी काय भरलं ते पाहू. बाईंनी काहीच नाही. मेव्हण्याने काहीच नाही. दाजींनी वर्षभराचे पाचशे बत्तीस प्रश्न. आणि त्या मुलीने तीन तास वर्गाबाहेर उभं राहून. कारण लिहिलं होतं, "कार्यक्रमात बोलणे, संगीताकडे दुर्लक्ष". वास्तविक बोलता बोलता चौसष्टही बिनचूक मोजणारी त्या पहिल्या रांगेत ती एकटीच होती.

तुम्हाला तिची कीव आली असेल, तर एक सांगा. गोलकीपरचं काय झालं हे कळेपर्यंत तुम्ही श्वास रोखून वाचलंत. पण त्या चौसष्ट आवर्तनांत बाई कोणती धून वाजवत होत्या, हे एकदा तरी विचारावंसं वाटलं? जा, उभे राहा बाहेर.