हिरव्या जेलीवर पडलेला पाय

मायलो टॉर्विकचा उजवा बूट बरोबर जेलीच्या मधोमध पडला. 'फच्च' असा आवाज झाला.

चूक तशी कुणाचीच नव्हती. मिनेसोटात हिवाळा लागला की घराच्या मागच्या पायऱ्या म्हणजे दुसरा फ्रीजच. त्याच्या बायकोने, आर्डिसने, जेलीचं काचेचं भांडं तिथे ठेवलं. रात्री बर्फ पडला. सकाळी फावडं घेऊन निघालेल्या माणसाला पायरी कुठली नि जेली कुठली हे कसं कळावं? आर्डिस चर्चच्या तळघरात कॉफीची तयारी करायला पुढे गेली होती. जाताना बजावून गेली होती, "जेवणाच्या आधी जेली घेऊन ये. आणि मायलो, सांडू नकोस."

सांडली नव्हती, हे खरं.

पण ही जेली साधी नव्हती. मायलोच्या आईची होती. पंचक्रोशीतला पहिला फ्रीज तिच्या स्वयंपाकघरात आला, आणि तो साऱ्या गावाला कळावा म्हणून बाई दिसेल ते जेलीत थिजवत सुटली. कोबी, गाजर, ऑलिव्ह, एकदा तर अख्खा मासा! कोबी-गाजराची हिरवी जेली तेवढी टिकली आणि लग्नानंतर आर्डिसच्या गळ्यात पडली. चर्चच्या प्रत्येक जेवणाला मायलो त्या भांड्याशेजारी उभा राहून तिचा इतिहास सांगे, तोही अगदी आजीपासून. "तेव्हा जेलीची तयार पुडी कुठली हो? वासराचे खूर दिवसभर उकळायचे. वर फेस यायचा, तो काढायचा. मग चरबी..."

इतक्या मानाची जेली, तरी दर वेळी भांडं अर्धं भरलेलंच परत यायचं. आर्डिस झाकण लावायची आणि दोघं रविवारपासून गुरुवारपर्यंत तीच खायची.

आता आईच्या काळापासून पहिल्यांदाच चर्चचं जेवण त्या जेलीवाचून होणार होतं, आणि आर्डिसला तोंड कसं दाखवायचं? मायलोने बुटाचा ठसा उमटलेली जेली शेजारच्या कुत्र्यापुढे टाकली. कुत्र्याने ती हुंगली आणि मान फिरवून निघून गेला. मिनेसोटाची माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत, पण एवढा शिष्टाचार त्याच्या अंगी नव्हता.

मायलोने भांडं तीन-तीनदा घासलं, दुकानातून हिरवी पुडी आणली आणि खिशातल्या चाकूने कोबी चिरला. चिरला कसला, लाकडं फोडली. पातेल्यात गरम पाण्यात विरघळवलेला पुडीचा रस कोमट झाल्यावर भांड्यात ओतला, भांडं बर्फाच्या ढिगात खुपसलं आणि स्वतः राखणीला उभा राहिला. जेली थिजेपर्यंत तोही अर्धा थिजला.

चर्चच्या तळघरात गर्डा हाउगेनचं राज्य होतं. "आलास का बाबा एकदाचा! ठेव तिथे." तिने चमचाभर तोंडात टाकली, चावली, आणखी चावली. "ही... वेगळीच आहे हो."

मायलोला घाम फुटला. आमच्याकडे माणूस 'वेगळी' म्हणतो तेव्हा त्याला 'देवा, वाचव' असं म्हणायचं असतं.

तेवढ्यात तिच्या नवऱ्याने, एल्मरने, हाक मारली. "काय रे मायलो, आज खूर नाहीत?"

"घसा बसलाय," मायलो पुटपुटला. तोंड उघडलं तर खुरांऐवजी बूट बाहेर पडेल, ही धास्ती.

आणि मग नवलच घडलं. गर्डाने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. एल्मरने तिसऱ्यांदा. रांग लागली! बघता बघता एकच तुकडा उरला. शेवटचा तुकडा उचलणं आमच्याकडे चोरीहून वाईट, म्हणून प्रत्येक जण त्याचा अर्धाच घेत गेला. शेवटी भांड्यात नखाएवढी जेली राहिली आणि तिला हात लावायची कुणाची छाती होईना.

परतताना गाडीत आर्डिस रिकामं भांडं मांडीवर घेऊन बसली होती. मायलोला आतून गुदगुल्या होत होत्या. आपल्या हाताला चव आहे तर! पण रिकामं भांडं बघून बायकोचा चेहरा गंभीर झालेला, आणि त्याला राहवेना.

"आर्डिस, जेली मी केली होती. तुझ्या जेलीवर माझा पाय पडला."

"ठाऊक आहे. कोबीचे ओंडके बघितले मी."

"मग... माझी लोकांना जास्त आवडली, याचं वाईट वाटलं तुला?"

आर्डिस हसत सुटली ती डोळे पुसेपर्यंत. "अरे, जेली तीच! तीच पुडी, तोच कोबी. आज भांड्याशी उभा राहून कुणी चरबी काढत नव्हतं, एवढाच फरक!"

पुढच्या जेवणाला मायलो भांड्यापासून लांब, कोटांच्या खुंट्यांपाशी जाऊन उभा राहिला. पुन्हा तीच झुंबड. आर्डिस कॉफी वाटून मोकळी झाली तोवर भांड्यात एकच चांगला जाड चौकोन उरला होता आणि गर्डा सुरी घेऊन त्याचा अर्धा करायला निघाली होती.

"मायलो!" आर्डिसने गोड आवाजात हाक मारली. "ये ना इकडे. ते खुरांचं सांग की सगळ्यांना!"

मायलोचा चेहरा उजळला. "तर काय, वासराचे खूर दिवसभर उकळायचे. वर फेस यायचा..."

गर्डाने सुरी खाली ठेवली. एल्मरला एकाएकी गाडी बघून यायची आठवण झाली.

आर्डिसने खुर्ची ओढली आणि अख्खा चौकोन सावकाश खाल्ला.