मधली पट्टी

आमच्या लिफ्टचं दार काळी दोनमध्ये कुरकुरतं, हे मला सोनावणेंनी सांगितलं, तेव्हा मी त्याच लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मध्ये अडकले होते. ते बाहेर उभे होते. वॉचमनला हाक मारण्याआधी त्यांनी जाळीचं दार जरा ओढून पाहिलं, कान लावला आणि म्हणाले, "ताई, परवापर्यंत काळी एक होती. चढलीये."

काळी एक, पांढरी पाच ही पेटीच्या पट्ट्यांची नावं. सोनावणेंचे वडील कोपरीला भीमगीतांच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. त्यामुळे घरात मुलांना अक्षरओळख होण्याआधी पट्टीची ओळख झाली. माझा कुकर, समोरच्यांची डोअरबेल, भाजीवाल्याची आरोळी, सगळं सोनावणेंना पट्टीतच ऐकू येतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणाचा आवाज चढला की ते शांतपणे सांगतात, "साहेब, तुम्ही पट्टी सोडलीत." यावर भांडणारा माणूस क्षणभर गप्प होतो. सेक्रेटरी म्हणून मला या गोष्टीचा बराच उपयोग झाला आहे.

ते ठाण्याला एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला बसतात. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम ठेवायची, एक काच काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं, "आता बरं, की आधी बरं?" हा प्रश्न त्यांच्या तोंडी इतका बसलाय की तो दुकानाबाहेरही सुटत नाही. मी नोटीस बोर्ड जिन्यातून गेटपाशी हलवला, तेव्हा सगळ्या सभासदांनी तक्रार केली. सोनावणेंनी फक्त मलाच विचारलं, "आता बरं, की आधी बरं?" मी म्हटलं, आता. तर म्हणाले, "मग झालं."

लग्न त्यांनी केलं नाही. आईवडील लवकर गेले आणि धाकट्या भावाला, मिलिंदला, त्यांनीच वाढवलं. दोघांत इतकं अंतर होतं की शाळेत पालकसभेला सोनावणेच जायचे.

बँड मिलिंदने काढला. तो बेस गिटार वाजवायचा आणि गायचा. गिटारला तन्वी, जी माजिवड्याहून गिटार पाठीला लावून स्कूटरवर यायची. ड्रमला सनी, शीळफाट्याजवळच्या गावातला, जो लग्नसराईत बेंजो पार्टीत ढोल बडवायचा. गाणी त्यांची स्वतःची, मराठी, आणि बहुतेक उदास. तालमीला जागा नव्हती. घरात वाजवलं की खालचे वर यायचे आणि गच्चीत वाजवलं की समोरच्या बिल्डिंगचे फोन यायचे.

तोडगा मी काढला. आमचा पाण्याचा पंप जुना, त्याच्या आवाजात तसंही काही ऐकू येत नाही. तेव्हा नियम केला: तालीम पंपाच्या खोलीत, आणि पंप चालू असेपर्यंतच. टाकी भरली की पंप बंद, बँड बंद.

पंपाच्या घरघरीशी त्यांचं काहीच जुळेना. सोनावणे खाली आले, डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "हा पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये आहे. पेटीत ही पट्टीच नाही. तो तुमच्याकडे येणार नाही, तुम्हीच त्याच्याकडे जा." पोरांनी तारा पंपाला जुळवल्या. बँडचं नाव पडलं 'मधली पट्टी'.

सोनावणेंचं घर सगळ्यात वर, टाकीच्या खालीच. त्यामुळे टाकीवर लक्ष त्यांचं. पंप थोडा वेळ चालला की मिलिंद खालून ओरडायचा, "दादा, भरली का टाकी?" गाणं अर्ध्यात असलं तर सोनावणे वरून म्हणायचे, "अजून नाही रे." आणि टाकी भरभरून वाहत असायची. भिंतीवरून पाण्याचे ओघळ यायचे. मी त्यांना याबद्दल लेखी नोटीस दिली होती. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." दुसऱ्या दिवशी पुन्हा ओघळ.

मागच्या वर्षी पावसाळ्यात मिलिंद तापाने गेला.

पंपाची खोली बरेच दिवस नुसतीच घरघरत होती. मग एका संध्याकाळी सोनावणे मिलिंदचं गिटार गळ्यात अडकवून खाली आले. तन्वी आणि सनीला त्यांनीच बोलावून घेतलं होतं. म्हणाले, "गाणं मला जमणार नाही, ते तन्वी बघेल. मी खालचे सूर धरतो." या वयात ते बेस शिकले. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवणाऱ्या बोटांना चिकटपट्ट्या असायच्या. तारा जुळवताना ते खुंटी पिळायचे, पंपाकडे मान करायचे आणि पोरांना विचारायचे, "आता बरं, की आधी बरं?" सनी प्रामाणिकपणे सांगायचा, "काका, दोनी सेमच वाटतंय."

त्यांचा पहिला कार्यक्रम सनीच्या मामांनी ठरवला. मामांनी भाचा बँडमध्ये आहे एवढंच ऐकलं होतं. ते त्यांच्या गावातल्या हळदीला वाजवायचं आमंत्रण घेऊन आले. सनी म्हणाला, "मामा, यो तसला बँड नाय."

"बँड म्हंजे बँड," मामा म्हणाले. "हालद हाय, पोरा नाचली पायजेत. बाकी तुमचा तुमी बघा."

मीही गेले होते, कारण टेम्पो ठरवणं आणि वायरींचा खोका सांभाळणं एव्हाना माझ्याकडे आलं होतं. मांडवात नवरदेव पिवळाधमक होऊन बसलेला. पोरं कंबर कसून उभी. आणि तन्वीने सुरू केलं ते रिकाम्या घराबद्दलचं संथ गाणं. पोरांनी हात वर केले, थोडा वेळ धरले, मग खाली सोडले. दुसरं गाणं त्याहून संथ. शिवाय त्यांची सगळी गाणी मध्येच तुटायची, जिथे पंप बंद व्हायचा तिथे. टाळी कुठे वाजवायची ते कुणाला कळेना.

शेवटी नवरदेवाची आत्या पुढे आली. "काय रं, कोन मेलाय का काय?"

सनीने मान खाली घातली. तन्वी तारांकडे बघत राहिली. सोनावणे मात्र अगदी अदबीने म्हणाले, "हो मावशी. पण आमच्याकडचं. तुम्ही चालू द्या तुमचं."

आत्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग सनीच्या मामांना बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. आम्ही जेवायला बसलो, तेव्हा तिने सोनावणेंच्या पानात स्वतःच्या हाताने वाढलं.

नंतर माजिवड्याच्या एका कॅफेत त्यांनी दोन गाणी वाजवली. तिथल्या साउंडवाल्या मुलाने सोनावणेंना सांगितलं, "अंकल, ट्यूनर लाल दाखवतोय. तुम्ही आउट आहात."

"आम्ही बरोबर आहोत," सोनावणे म्हणाले. "मशीनला ही पट्टी माहीत नाही."

कॅफेच्या मालकीणबाईंना गाणी आवडली. त्यांनी अख्खी संध्याकाळ देऊ केली, पण त्यांच्या पियानोवाल्याला बरोबर घेऊन. पियानो भिंतीला लावलेला, खराखुरा. तो मधल्या पट्टीत येणं शक्यच नव्हतं. म्हणजे बँडनेच चढायचं किंवा उतरायचं. सोनावणे नाही म्हणाले. कारण सांगितलं नाही.

तन्वी माझ्याकडे आली. "ताई, तो पंप बदला ना एकदाचा. पंप गेला की काका ती पट्टी सोडतील. नाही सोडलं तर मी सोडते बँड. मला पण काहीतरी करायचंय यार, आयुष्यभर मोटारच्या सुरात गायचं का?"

पंप माझ्या कामांच्या यादीत तसाही वरच होता. तिसऱ्या मजल्यावर नळाला धार येत नव्हती. मीटिंगमध्ये विषय निघाला तसे सोनावणे उठले. "पंप बदलू नये असं माझं म्हणणं आहे."

"का?" कुणीतरी विचारलं.

"आमचा सा आहे तो."

सगळे हसले. तिसऱ्या मजल्यावरचे हसले नाहीत. "सोनावणे, तुमच्या सा मध्ये आम्ही आंघोळ करायची का?" ठराव मंजूर झाला. विरोधात सोनावणे एकटेच होते, पण त्यांनी आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, "रविवारपर्यंत राहू द्या."

रविवारी संध्याकाळी, प्लंबर दुसऱ्या दिवशी सकाळी किती वाजता येणार ते सांगायला मी खाली गेले. पंप चालू होता. सनी ड्रमच्या मागे, तन्वी दारात, गिटार अजून पिशवीतच.

"काका, शेवटचं विचारते, पियानोबरोबर वाजवायचं की नाही?" ती म्हणाली.

सोनावणेंनी खिशातून फोन काढला आणि ड्रमवर ठेवला. आधी मला वाटलं पंपाचाच आवाज मोठा झाला. तो फोनमधला पंप होता. मग त्यात मिलिंद गायला लागला. पावसाळ्याच्या आधी कधीतरी याच खोलीत केलेलं रेकॉर्डिंग. फोनमधला पंप आणि खोलीतला पंप एकमेकांत मिसळले आणि मिलिंदचा आवाज नेमका मध्ये बसला.

सोनावणेंनी ते बंद केलं. "एवढं एकच आहे. रोज ऐकवत नाही. पंपाला जुळवून ठेवलं की ऐकावंही लागत नाही, तो याच पट्टीत आहे हे माहीत असतं. त्याला आता दुसरीकडे येता येत नाही ना."

तन्वी दारातून आत आली. मग म्हणाली, "काका, आवाज चढवता येतो. माझ्या फोनवर होतं ते. पियानोत बसेल."

त्यांनी रेकॉर्डिंग पाठवलं. तिने काहीतरी केलं आणि लावलं. मिलिंद काळी चारमध्ये गात होता. पट्टी बरोबर होती. आवाज कोणा दुसऱ्या मुलाचा होता, जरासा नाक दाबलेल्यासारखा.

"आता बरं, की आधी बरं?" तन्वीने विचारलं. आपण काय विचारलं ते तिच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही.

"आधी," सोनावणे म्हणाले.

तन्वीने पिशवीची चेन उघडली. "बाकीची गाणी पियानोबरोबर. शेवटचं एक या पट्टीत. चालेल?" आणि उत्तराची वाट न बघता खुंट्या सैल करायला बसली.

नवा पंप बसला. त्याचा आवाज येतच नाही आणि टाकी भरली की तो आपोआप बंद होतो. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी पेढे दिले. सोनावणेंनी पेढा घेतला, खाल्ला, आणि कुणालाही काही विचारलं नाही.

कॅफेतल्या संध्याकाळी मी दुसऱ्या रांगेत होते. पियानोबरोबर गाणी छान झाली. शेवटच्या गाण्याआधी पियानोवाल्याने झाकण मिटलं आणि हात मांडीवर ठेवून बसला. बँडने तारा उतरवल्या. स्पीकरमधून पंपाची घरघर सुरू झाली, तसे काही लोक वर एसीकडे बघायला लागले. मग मिलिंदचा आवाज. सनी आणि तन्वी त्याच्यामागून चालले होते, सोनावणे डोळे मिटून खालचे सूर धरून होते.

ओळ अर्धी असतानाच मिलिंद थांबला. रेकॉर्डिंगमध्ये पंप अजून चालूच होता. तो मान वर करून ओरडला असणार, कारण आवाज जरा लांबून आला:

"दादा, भरली का टाकी?"

रेकॉर्डिंग तिथेच संपलं. तन्वीचा हात तारांवर थांबला. सनीने काठ्या मांडीवर ठेवल्या. लोक टाळ्या वाजवायला तयार होते आणि वाजवत नव्हते.

सोनावणेंसमोर माइक नव्हता. तरी मला दुसऱ्या रांगेत स्पष्ट ऐकू आलं.

"अजून नाही रे," ते म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा तोच खालचा सूर धरला.