बायकोच्या नावाचं कुलूप

मला राग येतो. (अफाफ, म्हणजे माझी बायको, म्हणते की तो येत नाही, तो इथेच राहायला आहे.) पण अलेक्झांड्रियाच्या शाळेत अरबी शिकवणाऱ्याने शांत कसं राहायचं? आजकालची मुलं अरबी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात, आणि घशातून येणाऱ्या 'ऐन'ला इंग्रजीत अक्षर नाही म्हणून तिथे चक्क तीनचा आकडा ठोकतात. भाषा आहे की भाजीचं बिल? माझी मुलगी निहालसुद्धा तशीच लिहिते. मी तिचे निरोप दुरुस्त करून तिलाच परत पाठवतो.

तर, तिच्या मेंदीचा व्हिडिओ क्लाउडवर ठेवायचा होता. मेंदीला फक्त बायका, केस मोकळे, आणि मधोमध माझ्या सासूबाई नाचताहेत. पुढे महिन्याभरात त्या गेल्या. त्यांचं हलतंबोलतं असं तेवढंच उरलं. आता ते कुणा परक्या कंपनीतल्या पुरुषाने चहा पीत बघायचं? मी जिवंत असताना?

म्हणून मी आधी घरीच लॅपटॉपवर त्याला कुलूप घालायचं आणि मग वर पाठवायचं असं ठरवलं. कुलपाच्या प्रोग्रामने पासवर्ड मागितला. मी दिला, त्याला पसंत नाही. दुसरा दिला, तोही नाही. (मी परीक्षेत मुलांना इतकं छळत नाही.) शेवटी संतापाने काहीतरी ठोकलं, आठवणीची खूण म्हणून 'बायकोचं नाव' असं लिहिलं, कुलूपबंद फाइल वर चढवली आणि मूळ व्हिडिओ पुसून टाकला. अर्धवट काम मला खपत नाही.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर अफाफ म्हणाली, आईला बघावंसं वाटतंय. मी ऐटीत लॅपटॉप उघडला. पडद्यावर खूण आली, ती तिने मोठ्याने वाचली आणि लाजली. मी तिचं नाव टाइप केलं. चूक. एक 'फ' जास्त घातला. चूक. पुढे लग्नाचं साल जोडलं. तेही चूक. अफाफचं लाजणं केव्हाच थांबलं होतं.

"कुठल्या बायकोचं नाव?" तिने विचारलं.

"म्हणजे काय? मला एकच आहे."

"मला तसं वाटत होतं. या मशीनला वाटत नाही."

मी मशीनवर ओरडलो, कंपनीवर ओरडलो, मग सवयीने तिच्यावर. ती ओरडली नाही, तिथे मला भीती वाटली. तिने एवढंच विचारलं, "आणि माझी आई? तीही गेली ना त्यात?" आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. मला स्वतःचा इतका राग आयुष्यात आला नव्हता. शाळेतल्या एकजात सगळ्या शिक्षिकांची नावं ती आतून एकेक करून विचारत राहिली.

निहालला बोलावून घेतलं. तिने सगळं ऐकलं.

"बाबा, त्याने पासवर्डमध्ये आकडा मागितला होता?"

"हो. नावात आकडा हवा म्हणे. निर्लज्ज!"

"आईचं नाव ऐनने सुरू होतं," ती सावकाश म्हणाली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

तिने आधी तीनचा आकडा टाइप केला, पुढे आईच्या नावातली उरलेली अक्षरं. कुलूप उघडलं.

ढोलकीचा आवाज ऐकून अफाफ धावत बाहेर आली. सासूबाई कमरेला ओढणी बांधून नाचत होत्या. अफाफ रडली, हसली, पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. मी खाकरलो. म्हटलं, बघ, तुझंच नाव होतं. उगाच संशय घेतलास.

तिने पडद्यावरून नजरही हलवली नाही.

"दुसरी असती तर बरं झालं असतं, उस्ताद. तिचं नाव तरी शुद्ध लिहिलं असतं तुम्ही."